गाभोळी तशीच राहिली

सिॲटलचा उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. म्हणून ऑक्टोबरातल्या पहिल्या मोठ्या पावसाची आम्ही ओढ्या-नद्यांवर काम करणारी माणसं चातकासारखी वाट बघतो. पाणी चढलं की कोहो जातीचे सॅमन समुद्रातून ओढ्यात शिरतात आणि अंडी घालायला वर वर येत राहतात. त्या रात्री पाऊस धो धो कोसळत होता आणि मला झोप येत नव्हती. त्या ओढ्यावर माझी दोन वर्षं गेली होती.

काम होतं रस्त्याखालची मोरी बदलण्याचं. जुना पाइप अरुंद होता, त्याचं खालचं तोंड पात्राच्या हातभर वर लटकलेलं. मासा उड्या मारमारून थकायचा आणि मागे फिरायचा. वॉशिंग्टन राज्यात अशा मोऱ्या हजारोंनी आहेत. इथल्या आदिवासी जमातींना जुन्या करारांनी मासेमारीचा हक्क दिलेला आहे; पण मासाच वर पोचणार नसेल तर तो हक्क काय कामाचा, असं म्हणत त्या कोर्टात गेल्या. 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चार-चार असे विभागले गेले, आणि त्यामुळे खालच्या कोर्टाचा जमातींच्या बाजूचा निकाल कायम राहिला. आमची मोरी लहान होती, पण ती बदलण्यामागे हाच विचार होता. रुंद कमान बसवली, तळाला गोटे-खडी पसरली, पाण्याला वळणं मिळावीत म्हणून ओंडके आडवे टाकले.

सकाळी सातला मी छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात उतरले. सोबत जमातीच्या मत्स्यविभागातले एक ज्येष्ठ सहकारी होते. मोरीच्या वरच्या अंगाला पहिला कोहो दिसला तेव्हा मी आनंदाने ओरडलेच. मोरीतून मासा वर आला होता!

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "नीट बघ."

ती मादी पाण्याच्या वरच्या थरात गोल गोल फिरत होती. तोंड उघडं, पर ताठ पसरलेले. मध्येच कुशीवर कलंडायची, पुन्हा सावरायची. मी तिला उचलून वरच्या झऱ्याच्या स्वच्छ पाण्यात सोडायला निघाले, तर ते म्हणाले, "उपयोग नाही." खरंच नसतो. एकदा लक्षणं दिसली की स्वच्छ पाण्यात हलवूनही कोहो वाचत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. तासाभरात ती गेली.

दुपारपर्यंत आम्हाला सात मेलेल्या माद्या सापडल्या. त्यांच्या बाजूलाच, त्याच पाण्यात, चम जातीचे सॅमन शेपट्या आपटत खडीत खड्डे करत होते, धडधाकट. पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात येणारं विष कोहोला मारतं, चमला नाही.

मेलेल्या मादीचं पोट फाडून किती अंडी उरली ते बघायचं, अशी आमची पद्धत आहे. त्याआधी मी शेपटी पाहिली. मादी शेपटीने खडी उकरून अंड्यांसाठी खड्डा करते, त्यात शेपटीची कड झिजून पांढरी पडते. हिची शेपटी अखंड होती. सुरी फिरवली आणि गाभोळी बाहेर आली. दोन्ही पिशव्या गच्च, वाटाण्याएवढी नारिंगी अंडी, एकही घातलेलं नाही. जवळपास तीन वर्षांचं तिचं आयुष्य, त्यातलं निम्मं समुद्रात. तिथून ती आपल्या ओढ्याचा माग काढत परत आली होती.

मी रायगडातली. मृगाच्या पहिल्या पावसात शेतातल्या पाण्यावर चढणीचे मासे येतात, तेव्हा बाबा बत्ती घेऊन पुढे आणि मी मागे, असं लहानपण गेलं. गाभोळी म्हणजे आमच्या घरात सणच. हातात ती तशीच्या तशी गाभोळी घेऊन त्या पाण्यात उभी असताना मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग आम्ही विषाच्या वाटेने वर चालत गेलो. मोरीपासून थोड्याच अंतरावर झुडपांत दोन पाइप ओढ्यात उघडत होते. एक वरच्या हमरस्त्याचा, दुसरा एका मोठ्या वाहनतळाचा. पाणी काळपट, फेसाळ. टायरचं रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचंच क्विनोन नावाचं विषारी रसायन बनतं. कोहो त्यानेच मरतात, हे वॉशिंग्टनमधल्या संशोधकांनी 2020 च्या डिसेंबरात दाखवून दिलं. लिटरभर पाण्यात मायक्रोग्रॅमचा साधारण दहावा हिस्सा पुरतो, निम्मी कोहो पिल्लं मरतात. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेला टायरचा भुगा पहिल्या पावसात एकदम ओढ्यात येतो. ज्या पाण्याच्या हाकेला मासा येतो, त्याच पाण्यात हे विष असतं.

मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. मी ते पाइप नकाशावर पाहिले होते. पण आमचं कंत्राट मोरीपुरतं होतं आणि मीही मोरीपुरताच विचार केला. आम्ही दार उघडलं आणि माशांना त्या पाण्यात बोलावलं. ही चूक माझी आहे, आणि ती मी अहवालात माझ्या नावाने लिहिली.

ज्यांनी काम दिलं होतं त्यांना मोरीतून मासा जातानाचा फोटो हवा होता. मी बैठकीत गाभोळीचा फोटो ठेवला. बराच वेळ कोणी बोललं नाही. त्यानंतर मी उपाय मांडला, आणि तो काही महागडा नाही. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं तर त्यात कोहो जगतात, हे 2016 च्या अभ्यासात सिद्ध झालेलं आहे. खड्डा खणायचा, थर भरायचे, वर झाडं लावायची.

वाहनतळाच्या पाइपाखाली असा गाळण-खड्डा पुढच्या उन्हाळ्यात झाला. हमरस्त्याचा पाइप मात्र अजून सरळ ओढ्यात उघडतो. त्याचं अंदाजपत्रक मी या महिन्यात तिसऱ्यांदा पाठवलं आहे, सोबत तोच फोटो जोडून.