स्लेयर, पहिल्या अल्बमपासून

स्लेयर या अमेरिकन हेवी मेटल बँडचे स्टुडिओ अल्बम एकूण बारा. १९८३ चा 'शो नो मर्सी' पहिला, २०१५ चा 'रिपेंटलेस' शेवटचा. मी कॉलेजपासून या बँडचा चाहता, पण तेव्हाचं ऐकणं म्हणजे हाती लागेल ते ऐकणं. कुणाच्या तरी भावाने परदेशातून आणलेली कॅसेट, तिच्यावरून भरून घेतलेली दुसरी, दुसरीवरून तिसरी. तिसरीपर्यंत सिंबल्सची नुसती खरखर उरायची. पैसे साठले की काळा घोड्याचं कॅसेटचं दुकान, ऱ्हिदम हाउस. असा हा बँड माझ्या डोक्यात तुकड्यातुकड्यांनी बसला होता: आधी १९८६, मग एकदम २००१, मग मागे येऊन १९९०. यंदा मनाशी ठरवलं की सगळं पुन्हा, क्रमाने ऐकायचं. गाणं पुढे ढकलायचं नाही. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवायचे. आणि एक अल्बम अंगात मुरल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. मला निवांत वेळ मिळतो तो डोंबिवली ते सीएसएमटी लोकलमध्येच, तेव्हा हे सगळं तिथेच झालं.

'शो नो मर्सी' ऐकताना पोरं आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडवर वाढलीयत हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. गायक टॉम अराया तेव्हा श्वसनोपचाराचं काम करून पगार मिळवत होता. त्याची बचत आणि गिटारवादक केरी किंगच्या वडिलांकडून घेतलेले उसने पैसे यांतून हा अल्बम उभा राहिला. आवाज पातळ आहे, पण घाई खरी आहे. मला तो फार आवडतो असं म्हणणार नाही. १९८५ च्या 'हेल अवेट्स'ने मात्र मला धरून ठेवलं. गाणी सातच, पण लांबलचक, वळणावळणांची. शीर्षकगीतात उलटे वाजवलेले आवाज येतात, मग गिटार घिरट्या घालत राहते, आणि अराया तोंड उघडेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनला लागलेली असते.

त्याच्या पुढच्याच वर्षी 'रेन इन ब्लड'. दहा गाणी, एकोणतीस मिनिटं. क्रमाने ऐकण्याचं पहिलं फळ मला इथे मिळालं. हा अल्बम वेगवान आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण सहा-सहा मिनिटांची गाणी बांधणारी माणसं वर्षभरात दोन-अडीच मिनिटांवर आली, हे 'हेल अवेट्स' कानात ताजा असेल तरच जाणवतं. त्यांनी नुसता वेग वाढवला नाही, पुनरावृत्ती छाटून टाकली. निर्माता रिक रूबिन तोवर हिप-हॉपमध्ये काम करत होता. त्याने आणि ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या अँडी वॉलेसने आधीच्या अल्बमवरचा सगळा घुमारा काढून टाकला. त्यामुळे इतक्या वेगातही प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. कॅसेट निघाली तेव्हा एका बाजूला आख्खा अल्बम मावत होता, म्हणून दोन्ही बाजूंना तोच भरला होता. डोंबिवलीला चढताना सुरू केला, तर मुलुंडच्या आसपास संपतो.

याच अल्बममधल्या 'एंजल ऑफ डेथ'च्या शेवटाकडे सगळी वाद्यं थांबतात आणि डेव्ह लोम्बार्डोचे दोन्ही पाय बेस ड्रमवर एकटेच धावतात. जेमतेम काही सेकंद. तेवढा तुकडा मी किती वेळा मागे नेला असेन! तिसऱ्या कॉपीच्या कॅसेटवर तिथे फक्त एक गुरगुर ऐकू यायची. आता चांगल्या इअरफोनमध्ये डावा-उजवा पाय वेगळा मोजता येतो. गाणं आउश्वित्झ छळछावणीतल्या योझेफ मेंगेले या नाझी डॉक्टरवर आहे, लिहिलंय बँडचा दुसरा गिटारवादक जेफ हॅनमनने. यावरून बँडवर नाझींविषयी सहानुभूतीचे आरोप झाले आणि त्यांनी ते फेटाळले. शब्द समोर ठेवून ऐकलं तेव्हा माझ्या मनात शंका उरली नाही: त्यात कौतुक कुठेच नाही, क्रौर्याची थंड यादी आहे. पण ती यादी वाचून पोटात गोळा येतो, आणि नवख्याच्या हातात मी हे गाणं पहिलंच देणार नाही.

आता 'साउथ ऑफ हेवन', १९८८. माझ्या मते स्लेयर कळायचा तर इथे. 'रेन इन ब्लड'पेक्षा जास्त वेगात जाऊन उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं आणि जाणूनबुजून लय खाली आणली. शीर्षकगीताची ती सुरुवातीची गिटार संथ आहे, पण ढिली नाही. अराया ओरडायचं कमी करून सूर धरतो.

आमच्या डब्यात सकाळी भजनी मंडळ असतं. टाळ वाजायला लागले की कुठलाही इअरफोन कमी पडतो. एकदा मी हाच अल्बम थांबवून त्यांचं ऐकत बसलो. गजर विलंबितात धरतात, मग कडव्याकडव्याने चढवत नेतात, आणि दाराशी लोंबकळणारा माणूसही नकळत त्या चढणीवर ओढला जातो. स्लेयर हे करत नाही. 'रेन इन ब्लड'मध्ये ते थेट शिखरावरच सुरुवात करतात आणि तिथून एका मात्रेत अर्ध्या लयीवर उतरतात. सगळा दणका त्या उतरण्यात असतो. 'साउथ ऑफ हेवन'मध्ये हेच उतरणं त्यांनी ताणून अल्बमभर पसरलं. हे एकदा कानाला सापडलं आणि आधीचा अल्बमही मला नव्याने ऐकू आला. मंडळातल्या एका काकांनी विचारलं, "काय ऐकताय एवढं?" मी एक इअरफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "वाजवणारा तयारीचा आहे हो!" लोम्बार्डोला याहून मोठी दाद मी डोंबिवली लोकलमध्ये मागणार नाही.

१९९० च्या 'सीझन्स इन द अबिस'मध्ये दोन्ही लयी एकत्र नांदतात. 'वॉर एन्सेंबल' पहिल्या अल्बमांच्या वेगात, शीर्षकगीत संथ. त्याचा व्हिडिओ गिझाच्या पिरॅमिडांपाशी चित्रित केलाय. त्यानंतरचा १९९१ चा थेट कार्यक्रमांचा 'डेकेड ऑफ अॅग्रेशन'ही मी मध्ये घेतला, कारण लोम्बार्डोचा हा काळ तिथे पूर्ण होतो.

पुढे पॉल बोस्टाफ ड्रमवर येतो. 'डिव्हाइन इंटरव्हेन्शन' (१९९४) दमदार आहे, फटका अचूक आहे, पण लोम्बार्डो ठोक्याच्या किंचित पुढे धावतो आणि सगळ्यांना ओढत नेतो, ती ओढ नाही. १९९६ चा 'अनडिस्प्युटेड अॅटिट्यूड' बहुतांशी पंक गाण्यांचा, तो झटकन उरकला. 'डायाबोलस इन म्युझिका'वर (१९९८) चाहते नाराज असतात. गिटार खालच्या सुरात लावलेली, त्या काळच्या हेवी संगीताचा वारा लागलेला. तरी बरीचशी गाणी हॅनमनची आहेत आणि ती मला जिवंत वाटतात. 'गॉड हेट्स अस ऑल' ११ सप्टेंबर २००१ ला बाजारात आला. त्या दिवसामुळे या अल्बमवर एक सावली पडली आहे आणि ती बाजूला सारून ऐकणं कठीण जातं.

२००६ च्या 'क्राइस्ट इल्युजन'शी मुंबईचा थेट संबंध आहे. मुखपृष्ठ आणि शब्द यांवर इथल्या एका ख्रिस्ती संघटनेने पोलिस आयुक्तांकडे तक्रार केली आणि ईएमआय इंडियाने अल्बम भारतातून मागे घेतला. त्यातल्याच 'आइज ऑफ द इन्सेन'ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. वसईच्या माझ्या मित्राशी मी यावर मोकळेपणाने बोललो. तो कॅथलिक आणि स्लेयरचा माझ्याइतकाच चाहता. म्हणाला, "अराया स्वतः कॅथलिक आहे रे. गाणी मी ऐकतो. पण ते चित्र आईच्या देव्हाऱ्यासमोर ठेवणार नाही, तिला खरंच लागेल." मला हे पटलं. हात तुटलेला, रक्ताच्या पाण्यात उभा येशू कुणाला दुखावू शकतो, हे मान्य करूनही हा अल्बम मला प्रिय आहे, कारण १९९० नंतर लोम्बार्डो इथे परत येतो आणि ती हरवलेली ओढही परतते.

'वर्ल्ड पेंटेड ब्लड' (२००९) हा हॅनमन पूर्णपणे सामील असलेला शेवटचा अल्बम. २०११ मध्ये त्याच्या हाताला मांस सडवणारा भयंकर संसर्ग झाला आणि दौऱ्यांवर त्याच्या जागी एक्झोडस या बँडचा गिटारवादक गॅरी होल्ट उभा राहिला. २० ऑक्टोबर २०१२ ला स्लेयर बंगळुरूला आले, तेव्हा आम्ही काही जण उद्यान एक्स्प्रेसने गेलो होतो. लोम्बार्डो होता, हॅनमन नव्हता. २ मे २०१३ ला हॅनमन गेला. म्हणून 'वर्ल्ड पेंटेड ब्लड' मी घाई न करता ऐकला, त्याने लिहिलेली गाणी वेगळी काढून पुन्हा ऐकली. चाल थोडी वाकडी जाते, सूर अनपेक्षित ठिकाणी वळतो, ते गाणं बहुधा त्याचं निघतं.

'रिपेंटलेस' जवळपास सगळा केरी किंगने लिहिलाय. सरळ, कडक, रागीट. होल्टचे सोलो उत्तम आहेत. हॅनमनचं एकच गाणं त्यात आहे, 'पियानो वायर', आणि ते आलं की चाल लगेच वाकते.

नव्याने ऐकणाऱ्याला मी 'साउथ ऑफ हेवन', मग 'रेन इन ब्लड', मग 'सीझन्स' असं सांगेन, आणि तिन्ही आवडले तरच १९८३ पासून सुरू करायला सांगेन. होल्टमुळे मी आता एक्झोडसकडे वळलोय. 'बाँडेड बाय ब्लड', १९८५. सध्या त्याच्या दुसऱ्या फेरीत आहे, शब्द समोर ठेवून.