कंसातला रो

दगड माझ्या पिशवीत होता. नारळाएवढा, करडा, एका अंगाला दगडफूल धरलेला. विहीणबाईंची बॅग आधीच तेवीस किलोच्या पुढे गेलेली, म्हणून माझ्या सुती टॉवेलात गुंडाळून तो माझ्या गळ्यात पडला. विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं, याची उत्तरं मी रात्री पडल्या पडल्या मनात जुळवत होते. दगड भलत्याच माणसाच्या शेतातला निघणार आहे, हे अजून कळायचं होतं.

विहीणबाई म्हणजे मुलीच्या सासूबाई. बॉस्टनच्या, अडुसष्ट वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे पणजोबा मायकेल १८८३ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काउंटी क्लेअरमधून अमेरिकेत आले. आडनाव सांगत नाही. एक तर त्यांना आवडणार नाही, आणि सांगून उपयोगही नाही. त्या भागात दर तिसऱ्या घरावर तेच.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी नळीत थुंकी भरून डीएनए तपासायला पाठवली आणि जगभरातून नातेवाईक उगवले. कुणाशी चाळीस सेंटिमॉर्गन (डीएनए किती जुळतो ते मोजायचं माप) जुळतात, कुणाशी पंचवीस. मी त्यांना आपल्या पद्धतीने नावं ठेवली: मेलबर्नकर बाई, शिकागोकर, मँचेस्टरकर, आणि अजून तिथेच, क्लेअरमधल्या किलरश गावाकडे, गुरं राखून असलेले किलरशकर. दर रविवारी सकाळी मुलीच्या स्वयंपाकघरात या भाऊबंदांची व्हिडिओ बैठक भरायची. मी तिकडे सहा महिने राहायला गेलेली, पोह्यांना फोडणी देता देता ऐकायची.

मला आधी वाटलं, एवढं काय त्यात, जनगणनेचे कागद काढा की. मायकेलच्या काळचे कागदच नाहीत! १९२२ च्या जूनअखेरीस यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दफ्तरखाना जळाला, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद गेले. १८६१ आणि १८७१ चे तर सरकारने आधीच नष्ट केलेले, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगदा करायला दिलेले. मी २८ वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात काढली. दफ्तराला वाळवी लागलेली पाहिली, पुराचं पाणी शिरलेलं पाहिलं. पण आपल्या हाताने लगदा? त्या दिवशी माझे पोहे करपले.

मग उरतं काय, तर चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आणि ग्रिफिथची आकारणी. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने १८४७ ते १८६४ या काळात अख्ख्या देशातल्या जमिनींची आणि घरांची करासाठी मोजणी करवली. क्लेअरची यादी १८५५ ची. ती पहिल्यांदा स्क्रीनवर बघितली आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. सातबाराच तो! जमीन कसणारा कोण, त्याला ती खंडाने देणारा कोण, क्षेत्र किती, जमिनीची आकारणी किती, घराची किती. आपल्याकडे वंशालाही कूळ म्हणतात आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही कूळ म्हणतात. या यादीत दोन्ही एकाच ओळीत सापडत होती.

आता कबुली. मायकेलच्या वडिलांचं नाव पॅट्रिक. त्यांच्या टाउनलँडमध्ये, म्हणजे आपल्या वाडीएवढ्या मुलखात, यादीत त्याच नावाआडनावाचे दोन पॅट्रिक होते. भाऊबंदांनी ठरवून टाकलं की माणूस एकच, जमिनीचे तुकडे दोन. मूळ छापील पानावर मात्र एका पॅट्रिकपुढे कंसात ‘जॉन’ होतं, दुसऱ्यापुढे कंसात ‘रो’. एक्सेलमध्ये उतरवताना कुणीतरी कंस गाळले होते. ज्याने सातबारावर ‘गणपत ऊर्फ बाळू’ वाचलंय त्याला हे सांगावं लागत नाही. कारकुनाला कंस करायची हौस नसते. दोन माणसं एका नावाची निघाली की तो नाइलाजाने कंस करतो. शिवाय दोन्ही ठिकाणी घराची आकारणी होती. अर्धपोटी कूळ दोन दोन घरं कशाला बांधेल?

मला हे एप्रिलमध्येच दिसलं होतं, आणि मी बोलले नाही. मुलीच्या सासूची चूक चारचौघांत काढू नये, हे एक कारण. दुसरं जरा कमी शोभेसं आहे. पहिल्याच रविवारी मी काहीतरी विचारलं, तेव्हा मेलबर्नकर बाई गोड हसून म्हणाल्या होत्या, ‘हे जरा किचकट असतं हं.’ म्हटलं, असू दे मग किचकट.

जूनमध्ये आम्ही दोघी बॉस्टनहून शॅननला उतरलो. (माझ्या आयरिश व्हिसाची रडकथा वेगळीच, ती पुन्हा कधीतरी.) पहिले तीन दिवस सगळे जातात तिथे गेलो. मोहरचे कडे पाहिले, कड्यांहून जास्त बसगाड्या पाहिल्या. विहीणबाई गाडी अमेरिकेच्या सवयीने उजवीकडे नेत, मी ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडे. किलरशच्या पुढे रस्ते इतके अरुंद झाले की मधोमध गवत उगवलेलं. मग डावं-उजवं मिटलंच.

किलरशकरांनी आम्हाला ‘त्या’ शेतात नेलं. दगडावर दगड रचलेले बांध, लांबवर समुद्राची पट्टी, आणि छप्पर नसलेल्या घराच्या दोन भिंती. जागा अशी की कुणालाही वाटावं, आपलं घर इथेच असावं. विहीणबाई भिंतीला हात लावून रडल्या. दुष्काळात, १८४७ नंतरच्या तीनेक वर्षांत, याच किलरशच्या परिसरातून हजारो लोकांना घराबाहेर काढून त्यांची घरं पाडली होती. मायकेलच्या आईबापांनी ते डोळ्यांनी पाहिलं असणार. रडणं साहजिकच होतं. मी कोपऱ्यात उभी, मनात कंस. त्यांनी बांधावरून दगड उचलला तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी किलरशकरांनी घरी चहाला बोलावलं. चहा कडक, दूध घातलेला! बॉस्टनमध्ये दोन महिने कोमट पाण्यात बुचकळलेल्या पिशव्या प्यायल्यावर मला भरून आलं. जाड कापलेला तपकिरी ब्रेड, त्यावर बोटभर लोणी. ‘घ्या अजून’ हा आग्रह थेट आपल्यासारखा: दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. विहीणबाईंनी पहिल्यांदा नको म्हणून हात आखडला, तर यजमानीणबाईंचा चेहरा पडला.

खिडकीशी किलरशकरांची आत्या बसली होती. एक्क्याण्णव वर्षांची, मांडीवर मांजर. तीन वर्षं या माणसाने आमच्याबरोबर इंटरनेट पालथं घातलं आणि घरातल्या आत्याला विचारलं नाही. ‘ती विचारल्याशिवाय बोलत नाही,’ म्हणे. अहो, मग विचारा ना!

विहीणबाईंनी वंशवृक्ष टेबलावर पसरला. आत्याबाईंनी चष्मा चढवला, मायकेलच्या नावावर बोट ठेवलं.

‘हे काय? रिचर्ड?’

विहीणबाई म्हणाल्या, पणजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर त्यांच्याच अक्षरात ‘एम. आर.’ आणि पुढे आडनाव आहे. म्हणून मधलं नाव रिचर्ड. आम्ही सगळ्यांनी तसंच धरलंय.

आत्याबाई हसल्या. मांजर उठून गेलं. ‘रिचर्ड या वाडीत कुणी ठेवलं असतं? ते जमीनदाराकडचं नाव. रुआ, रुआ! ते रुआवाले.’

रुआ म्हणजे आयरिशमध्ये तांबडा. त्या घरात तांबड्या केसांचा कुणी पूर्वज होऊन गेला, पुढे सगळ्या पिढ्या रुआवाले. नावाआडनावाने तिथे कुणी कुणाला ओळखतच नसे, सगळे त्याच नावाचे. आमच्या कोकणातल्या गावी तरी काय वेगळं? आम्ही ‘माडावरचे’. कधीकाळी कुणी माडावरून पडला होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, पडणं तेवढं पाच पिढ्या टिकलंय.

आत्याबाई बोलत सुटल्या. काल आम्ही पाहिलं ते जॉनवाल्यांचं घर, म्हणजे किलरशकरांच्याच आजोळचं. रुआवाले वर, डोंगराच्या कुशीला. त्यांची एक म्हातारी अशी होती की १९०१ च्या जनगणनेत छपन्न वर्षांची आणि १९११ मध्ये एकाहत्तरची. यावर किलरशकर पोट धरून हसले. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली होती, त्यामुळे त्या दहा वर्षांत अर्धा आयर्लंड पंधरा वर्षांनी म्हातारा झाला.

मी फोन काढला आणि ग्रिफिथचं मूळ पान टेबलावर ठेवलं. पॅट्रिक, कंसात रो. इंग्रजांच्या कारकुनाने रुआ ऐकून तसं लिहिलेलं. विहीणबाईंनी ते पान बोटांनी मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘एप्रिलपासून,’ मी म्हटलं. खोटं बोलता आलं असतं.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. डावीकडे म्हणायचीही मला हिंमत झाली नाही.

सकाळी आम्ही वर गेलो. रुआवाल्यांच्या जमिनीवर आता स्प्रूसचं जंगल आहे, लाकडासाठी ओळीने लावलेलं. आत शिरलं की दिवसा अंधार, पायाखाली सुयांची गादी. पक्षी नाही, वारा नाही. किलरशकरांनी फोनवरच्या जुन्या नकाशात आकडा शोधला आणि एका जागी थांबून म्हणाले, इथेच कुठेतरी. भिंत नाही, चौथरा नाही. समुद्र तर नाहीच. विहीणबाई पाचेक मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. या वेळी रडल्या नाहीत. बाहेर येताना त्यांनी माझा दंड धरला. पाय घसरू नये म्हणून असेल.

खाली जॉनवाल्यांच्या शेताशी त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्या पिशवीकडे हात केला. मी टॉवेल सोडला. त्यांनी दगड बांधाच्या माथ्यावर ठेवला, तो डुगडुगायला लागला. किलरशकरांनी काही न बोलता तो उचलला, तीनदा फिरवला आणि खालच्या एका फटीत असा बसवला की कुठला तो ओळखू येईना.

गाडीत बसल्यावर विहीणबाईंनी वही काढली. नवं पान.

‘तुमच्या पणजीचं नाव काय?’

मी म्हटलं, आमच्या कुलवृत्तांतात ‘पत्नी लक्ष्मी’ एवढंच आहे. ते सासरचं. लग्नात आमच्याकडे पाळण्यातलं नावही बदलायचे.

‘आणि माहेरचं?’

इथल्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकात मुलाच्या आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या, शेतात राबणाऱ्या मेरीचंसुद्धा.

‘देवरुखकडची होती म्हणतात,’ मी म्हटलं.

‘कोण म्हणतात?’ त्यांनी विचारलं, आणि पेन धरून थांबल्या.