आमची वाटचाल : गॅस, मेल्ट आणि डायच्या आधीचं प्रेशर

आम्ही वितळलेल्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे मेल्टमध्ये, गॅस विरघळवून फोम बनवतो; स्क्रू हा मेल्ट पुढे ढकलतो आणि तो डायच्या, म्हणजे आकार देणाऱ्या साच्याच्या, तोंडातून फुगून बाहेर येतो. गॅसचा पंप सुरू झाला की थोड्याच वेळात मोटरचे अँपिअर उतरतात आणि डायच्या आधीचं प्रेशर खाली येतं. तापमान तेच, स्क्रूचा वेग तोच, तरीही मेल्ट पातळ झालेला असतो. फोमच्या धंद्यातला प्रत्येक ऑपरेटर हे रोज पाहतो. आमच्या कंपनीची वाटचाल म्हणजे याच एका गोष्टीचा पाठपुरावा आहे.

सुरुवात एलडीपीईच्या (मऊ जातीच्या पॉलिथिनच्या) फोम शीटपासून झाली. एक लांब स्क्रूचं मशीन, ब्यूटेन गॅस, बुडबुड्यांना सुरुवात करून देणारी टाल्कची भुकटी आणि शीट आकसू नये म्हणून जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट). एलडीपीई साधारण ११० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या जवळपासच फोम काढावा लागतो. दोन-तीन अंश गरम झालं की गॅस पेशींच्या, म्हणजे फोममधल्या बुडबुड्यांच्या, भिंतींतून निसटतो आणि शीट बसते. तेवढंच थंड झालं की डायमध्ये मेल्ट गोठू लागतो. एवढ्या अरुंद वाटेवर काम करताना कळलं की गॅसचं प्रमाण ही घनतेइतकीच व्हिस्कॉसिटीचीही (मेल्टच्या घट्टपणाचीही) सेटिंग आहे.

कारण तसं साधं आहे. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. विरघळलेल्या गॅसचे छोटे रेणू त्यांच्यामध्ये शिरतात, साखळ्यांना हालचालीला मोकळी जागा मिळते आणि मेल्ट सैल पडतो. उलट, प्रेशर वाढलं की हीच जागा दाबली जाऊन मेल्ट थोडा घट्ट होतो. पण गॅस विरघळलेला ठेवायला प्रेशर तर हवंच. मशीनवर दिसतो तो या दोन्हींचा एकत्रित परिणाम, आणि त्यात गॅसचं पारडं बरंच जड असतं.

पुढे पॉलिस्टायरिनकडे वळलो आणि टँडेम लाइन, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेले दोन एक्स्ट्रुडर (स्क्रूची मशीनं), घेतली. आमच्या प्रवासातला हा सर्वांत मोठा टप्पा. पहिला एक्स्ट्रुडर २०० अंशांच्या वर प्लास्टिकचा दाणा वितळवून त्यात गॅस मिसळतो, दुसरा मोठ्या व्यासाचा स्क्रू सावकाश फिरत मेल्ट थंड करतो. नुसतं पॉलिस्टायरिन १३०-१४० अंशांवर इतकं घट्ट असतं की ते ढकलतानाच घर्षणाने पुन्हा तापेल. थंड करणाऱ्या मशीनची खरी लढाई या घर्षणाच्या उष्णतेशी असते. गॅस विरघळला की मेल्ट पातळ, घर्षण कमी, उष्णता कमी, म्हणून आणखी थंड करता येतं. गॅसचा पुरवठा जरा डगमगला तर ही साखळी उलटी फिरते आणि चांगलं चाललेलं तापमान डोळ्यांदेखत चढू लागतं. म्हणूनच लाइनवरच्या सगळ्या भागांत गॅस मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपावर आम्ही सढळ हाताने खर्च केला, आणि नव्याने फोममध्ये येणाऱ्यालाही आमचा तोच सल्ला असतो.

डायच्या तोंडाशी जे घडतं ते मला आजही विलक्षण वाटतं. प्रेशर एकदम पडतं, गॅस मेल्टमधून सुटून बुडबुड्यांत जातो. म्हणजे ज्याच्यामुळे मेल्ट पातळ होता तोच बाहेर पडतो. फुगताना मेल्ट गारही होतो. त्यामुळे भिंती ताणल्या जात असतानाच घट्ट होत जातात आणि पेशी फुटायच्या आत आकार धरतात. मेल्ट गरम असेल तर हे घट्ट होणं उशिरा येतं.

ब्यूटेन ज्वालाग्राही आहे. साठवण, वायुवीजन, स्थिर विजेची काळजी हे सगळं सांभाळूनही ती धास्ती राहतेच, म्हणून काही मालासाठी कार्बन डायऑक्साइडवर गेलो. हा वायू ३१ अंश आणि ७४ बारच्या वर ना धड द्रव ना धड वायू अशा अवस्थेत जातो. मेल्ट तो चांगलाच पातळ करतो, पण विरघळवून ठेवायला ब्यूटेनपेक्षा बरंच जास्त प्रेशर मागतो. इथे पेच पडतो: मेल्ट पातळ झाला की डायमधलं प्रेशर घटतं, आणि ते विरघळण्याच्या मर्यादेखाली गेलं की बुडबुडे डायच्या आतच सुरू होतात. शीट खरखरीत येते, डायवर फटफट आवाज होतो. उपाय म्हणून डायचं तोंड अरुंद केलं आणि मेल्टचं तापमान खाली आणलं.

दाण्याच्या पिशवीवरचा एमएफआय (मेल्ट किती सहज वाहतो याचा आकडा) इथे अपुरा पडतो. ती चाचणी गॅसशिवाय होते; उघड्या तोंडाच्या उपकरणात गॅस टिकणारच नाही. त्यामुळे लाइनवरच एक चपट्या फटीचा डाय बसवला, त्यावर अंतराने प्रेशर सेन्सर आणि पुढे प्रेशर टिकवणारा व्हॉल्व्ह. दोन सेन्सरमधली घट आणि मालाचा प्रवाह यांवरून गॅससकट व्हिस्कॉसिटी काढता येते. प्रेशरची घट सरळ रेषेत आहे का हे आधी पाहतो. रेष वाकली तर आतच गॅस सुटतोय असा संशय घेतो आणि तो आकडा वापरत नाही.

गॅसचा परिणाम पॉलिस्टायरिन ज्या तापमानाखाली काचेसारखं कडक होतं त्याच्या (काचावस्थेच्या) जवळ, म्हणजे १०० अंशांच्या दिशेने सरकताना, सर्वांत ठळक होतो. २२० अंशांवर तेवढ्याच गॅसचा फरक त्या मानाने कमी दिसतो. म्हणून आता नवीन ग्रेडचा किंवा रीसायकल दाणा आला की तो आधी या डायवर, गॅससकट आणि फोमच्या तापमानाजवळ तपासतो. पास झाला तरच रोजच्या उत्पादनाला वापरतो.