अंगणातली पीजे

आमची पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज, अरुंद रुळांची रेल्वे. 1918-19 मध्ये सुरू झालेली, 56 किलोमीटरची. 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. अण्णा तिच्यावर कीमॅन होते, म्हणजे रूळ तपासणारे. खांद्यावर पाना-हातोडा टाकून रोज आपला बीट, म्हणजे नेमून दिलेला रुळाचा टप्पा, पायी तपासायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी गाडीच्या वेळा तोंडपाठ. गाडी बंद झाली आणि घरात सगळ्यात जास्त करमेनासं त्यांनाच झालं. तेव्हा मी ठरवलं, अंगणात लहान पीजे करायची.

त्याआधी माझा छोट्या गाड्यांचा उद्योग माळ्यावर, प्लायवुडच्या फळीवर चालायचा. एचओ माप, म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:87, आणि दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 16.5 मिलिमीटर. त्यात मन रमेना. उन्हाळ्यात माळ्यावर बसवत नाही, हे एक. दुसरं म्हणजे आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. 87 ने भागली तर एकोणीसच्या वर जाते. 16.5 च्या रुळावर भुसावळचं इंजिन ठेवलं की ते लहान भावाच्या चपला घातल्यासारखं दिसतं. नॅरोगेजचं गणित मात्र झकास जुळलं. पीजेचा गेज अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. 24 ने भागा, पावणेबत्तीस येतात. आणि 32 मिलिमीटर हे छोट्या गाड्यांच्या दुनियेतलं रुळलेलं माप आहे. म्हणजे गाडी 1:24 ची.

तयार रूळ बाहेरून मागवायचे तर पगार पुरला नसता. तांबट ओळीतून पितळी पट्ट्या आणल्या, सुताराकडून सागाचे तुकडे घेऊन रुळाखालचे आडवे स्लीपर कापले आणि अंतर मोजायला अ‍ॅक्रिलिकचा गेज केला. एकूण चौदा मीटरचा लांबोळका फेरा: लिंबाच्या झाडाला वळसा, मग हौदाकडून परत.

पहिली चूक मातीत झाली. आमच्या अंगणात काळी कापसाची माती. मी सरळ तिच्यावर क्रशरची कच पसरून रूळ टाकले. एका पावसाळ्यात ती फुगली आणि हौदाकडचा कोपरा दोन इंच वर आला. दिवाळीनंतर पुन्हा खणलं. फूटभर माती काढून मुरूम भरला, धुमसला, वर कच टाकली. हे काम कंटाळवाणं होतं, पण तेव्हापासून पाया जागचा हललेला नाही.

खरी गोष्ट पुढची. जानेवारीत, सकाळच्या थंडीत, मी सगळे रूळ एकमेकांना डाक देऊन (सोल्डर करून) जोडले. सांधा दिसू नये, वीज कुठे तुटू नये, म्हणून. गाडी रुळातून 12 व्होल्ट घेऊन छान पळाली. अण्णा खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "फट ठेवेल शे का?" मी म्हणालो, "अण्णा, हे खेळणं आहे."

एप्रिलच्या शेवटी दुपारी शाळेतून आलो तर हौदाजवळचा सरळ रूळ साप झालेला. मधोमध दोन बोटं बाजूला सरकला होता, स्लीपर कचेतून वर आले होते. हात लावला तर चटका बसला.

मी आठवीला विज्ञान शिकवतो. उष्णतेने धातू प्रसरण पावतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. मग वही काढली. पितळ एका अंशाला मीटरमागे सुमारे 0.019 मिलिमीटर वाढतं. जानेवारीची सकाळ आणि उन्हात तापलेला रूळ यांत पन्नास अंशांचा फरक धरला, तर चौदा मीटरला तेरा मिलिमीटर होतात. या तेरा मिलिमीटरना जायला मी जागाच ठेवली नव्हती.

अण्णा हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, वाकून बघितलं आणि कामाला लागले. डाक तोडला. एक-एक मीटरचे तुकडे केले. फिशप्लेटला, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला, पितळेचीच पातळ पट्टी कापली आणि तिला गोल भोक पाडू दिलं नाही. कानशीने लांबट करायला लावलं, रूळ सरकायला हवा म्हणून. आत ग्रॅफाइटची पूड. फट किती ठेवायची ते कोणत्या वेळी रूळ टाकतोय त्यावर ठरतं: थंडीच्या सकाळी मिलिमीटरभर, मेच्या दुपारी जवळजवळ नाहीच. मापाला त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे कापले होते. खऱ्या रुळाला त्यांनी असंच केलं होतं म्हणे, फक्त पत्रिकेच्या जागी लोखंडी पट्टी.

फट आली, पण वीज गेली. सैल सांध्यातून करंट धड जाईना, त्यात पितळ काळं पडतं. दर दोन दिवसांनी पॉलिश पेपर घासत बसायचं. शेवटी रुळातून वीज देणंच सोडलं. 18650 मापाचे दोन लिथियम सेल डब्यात, इंजिनाखाली गिअरवाली मोटर, आणि भाच्याच्या मोडक्या खेळण्यातला रिमोट. रूळ आता फक्त रूळ. हे आधीच केलं असतं तर डाकाचे पैसे आणि दोन रविवार वाचले असते.

इंजिनाची बॉडी पहिल्यांदा सनबोर्डची, म्हणजे हलक्या प्लॅस्टिक फोमच्या शीटची, केली होती. ती एका दुपारी उन्हात राहिली आणि टप पापडासारखा वाकला. दुसरी गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याची केली. तिच्या आत अजून "शुद्ध" एवढी अक्षरं दिसतात. मे महिन्यात अकरा ते पाच गाडी बंद. रूळ तापतात, आणि लिथियमचे सेल तापवून बघायची माझी हिंमत नाही.

आता संध्याकाळी सहाला गाडी सुटते. हौद म्हणजे पाचोरा, लिंबाखाली शेंदुर्णी, पुढे पहूर, तुळशीपाशी जामनेर. त्याआधी अण्णा काठी टेकत पूर्ण फेरा चालतात. हातात सायकलचा लहान पाना. प्रत्येक सांध्याला थांबून टकटक करतात, आवाज ऐकतात. चौदा मीटरला त्यांना वीस मिनिटं लागतात. तोवर रिमोटला हात लावलेला चालत नाही. काल जामनेरजवळ एक फिशप्लेट सैल निघाली, तर आई चहा घेऊन आली तरी गाडी सुटली नाही.