लाँग बीचला रोटरी पिकअप बघायला जाताय? मग पहाटे पोचा

जुन्या जपानी गाड्यांचं वेड असेल तर दक्षिण कॅलिफोर्नियातलं ‘जॅपनीज क्लासिक कार शो’ हे नाव ऐकलेलं असेलच. २००५ पासून लाँग बीचला भरतंय. आपल्याकडचे बरेच जण तिथे स्कायलाइन, डॅटसन झेड आणि जुन्या सेलिका बघायला जातात. त्या दिसतातच, रांगाच्या रांगा असतात. मी गेलो होतो एका हौदेवाल्या गाडीसाठी. माझदा रोटरी पिकअप, शौकिनांच्या बोलीत ‘रेपू’.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोटरी इंजिन म्हणजे ज्यात वर-खाली होणाऱ्या पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर गोल फिरतो ते. असं इंजिन घालून कारखान्यातून विकला गेलेला पिकअप जगात हा एकच. १९७४ ते १९७७ या मॉडेल-वर्षांत, फक्त अमेरिका आणि कॅनडात. साधारण १५,००० बनल्या आणि त्यातल्या बहुतेक पहिल्याच वर्षीच्या. हिरोशिमात बनलेली ही गाडी जपानमध्ये विकायलाच ठेवली नव्हती, त्यामुळे ती बघायला जपानला जाण्यात अर्थ नाही. तिचं खरं घर म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा. तिथली हवा कोरडी, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, म्हणून पत्रा टिकला. बर्फाच्या प्रांतांतल्या गाड्या कधीच गंजून गेल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. ही गाडी उभी असताना बघण्यात निम्मी मजा जाते. हिरवळीवर पार्क केलेली रेपू म्हणजे एक बुटका, जरा फुगलेल्या मडगार्डांचा जुना पिकअप, बस. तिचं वेगळेपण कानाला कळतं. म्हणून प्रेक्षकांसाठी दारं उघडायची वाट बघत बसू नका. भाग घेणाऱ्या गाड्या उजाडता उजाडता आत यायला लागतात. प्रदर्शन समुद्रालगतच्या मरीना ग्रीन पार्कात भरतं आणि त्याला लागून शोरलाइन ड्राइव्ह हा रस्ता जातो. त्याच्या फुटपाथवर कॉफीचा कप घेऊन उभं राहायचं. तिकीट लागत नाही, गर्दी नसते. डॅटसनचा घोगरा आवाज, टोयोटाचा खडखडाट, आणि मग मध्येच शिलाई मशीनसारखी एकसुरी, कुठेही न अडखळणारी गुणगुण आली की मान वळवायची. तीच ती.

इथे एक गैरसमज दूर करतो. व्हिडिओंमध्ये रोटरी गाडी उभ्या जागी ‘ब्रॅप-ब्रॅप’ करताना ऐकून लोकांना वाटतं की तो या इंजिनाचा मूळ आवाज. तसा तो नाही. हवा आत घ्यायची तोंडं कोरून मोठी केली की इंजिन मंद फिरताना असं अडखळतं. कारखान्यातून आलेलं इंजिन अगदी मऊ चालतं. मला स्वतःला तो मूळ आवाज जास्त आवडतो. टर्बो बसवून, जमिनीला टेकवून आणलेल्या रेपूही तिथे दिसल्या, आणि गर्दी अर्थातच त्यांच्याभोवती होती. ज्याची त्याची हौस.

मी मुक्कामाला इर्वाइनला मावसभावाकडे होतो. माझदाचं अमेरिकेतलं मुख्यालय याच गावात आहे, पण ते काही बघायला जायचं ठिकाण नव्हे. तिथून लाँग बीच ४०५ महामार्गाने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, पहाटे रस्ता मोकळा मिळाला तर. लॉस एंजेलिसमधून येणाऱ्यांनी गाडी काढूच नये. मेट्रोची ए लाइन थेट डाउनटाउन लाँग बीचला आणून सोडते आणि पुढे चालत जाता येतं. गाडी घेऊनच आलात तर मत्स्यालयाच्या आसपासचे पार्किंगचे तळ लवकर भरतात हे लक्षात ठेवा. तारीख दर वर्षी बदलते, त्यामुळे आधी ती पक्की करा आणि मगच विमानाचं बघा. सकाळी समुद्रावरून धुकट गारवा येतो, स्वेटर लागतं. अकरा वाजले की तेच ऊन भाजून काढतं. टोपी विसरू नका, झाडं असून नसल्यासारखी.

भाऊ बिचारा गाड्यांतला नाही. पहिली रेपू दिसल्यावर त्याने मालकाला विचारायच्या आत मला मराठीत विचारलं, “ॲव्हरेज किती?” हसू आलं, पण प्रश्न नेमका होता. या गाडीची सगळी कथा त्या एका प्रश्नात आहे. माझदाने, म्हणजे तेव्हाच्या तोयो कोग्योने, १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट ही पहिली रोटरी मोटार काढल्यानंतर जमेल त्या गाडीत रोटरी बसवायचा सपाटा लावला होता. मोटारी झाल्या, मग पिकअप, आणि जपानसाठी चक्क एक मिनीबससुद्धा. अमेरिकेत तरुण मंडळी पिकअप हौसेसाठी घेत होती, मागे मोटरसायकल किंवा सर्फबोर्ड टाकून फिरायला. हिशेब बरोबर होता. मात्र ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि पाठोपाठ ही गाडी दुकानात आली. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या चाचणीत त्या काळच्या रोटरी माझदांचा शहरातला आकडा गॅलनला अकरा मैलांच्या आसपास आला. आपल्या भाषेत लिटरला पावणेपाच किलोमीटर. पेट्रोलसाठी रांगा लागलेल्या असताना असा ट्रक कोण घेणार? कंपनी बुडता बुडता वाचली, बँकेने सावरली, आणि १९७९ ला फोर्डने तिचा जवळपास पाव हिस्सा घेतला.

आणि ट्रक म्हणून बघाल तर निवडही उलटीच. ओझं वाहायला खालच्या फेऱ्यांवर ताकद लागते आणि रोटरीची ताकद असते वर. रेपूतलं इंजिन माझदाचं १३बी, ६५४ सीसीचे दोन कक्ष, सुमारे ११० अश्वशक्ती. त्या काळच्या छोट्या पिकअपांमध्ये हा आकडा भलताच मोठा. वाळू भरून घाट चढायला मात्र हे इंजिन कुणी निवडणार नाही.

एका वयस्कर मालकाने बॉनेट उघडून दाखवलं. विचारल्याशिवाय कुठेही हात लावू नका, पण विचारलंत तर ही माणसं तासभर बोलतात. इंजिन इतकं बुटकं आणि इतकं मागे, केबिनच्या भिंतीलगत बसवलेलं, की प्रथम एअर क्लीनरचं भांडंच दिसतं. प्रत्येक कक्षाला दोन प्लग, एकूण चार. बॅटरी कुठे दिसेना म्हणून विचारलं तर त्याने मागे नेलं. ती हौद्याखाली असते. खरी रेपू ओळखायची ही एक खूण. कारण तिचा सख्खा भाऊ, म्हणजे साधं पिस्टन इंजिन असलेला बी मालिकेतला पिकअप (यालाच फोर्डने कुरियर म्हणून विकलं), सजवून रेपू म्हणून उभा केलेला आढळतो. मडगार्डांचा फुगवटा मूळ पत्र्यातला आहे की नंतर जोडलेला, पुढची जाळी, मागचे गोल दिवे, फाळक्यावरची ‘रोटरी पॉवर’ ही अक्षरं, सगळं तपासा. १९७७ च्या गाडीची केबिन थोडी लांब आणि गिअर पाच आहेत. उंच माणसाने तीच शोधावी, पण ती फार कमी दिसते.

जवळच्या एका टेबलावर उघडलेलं रोटर हाउसिंग, म्हणजे रोटर ज्यात फिरतो ते कवच, ठेवलं होतं. आतल्या कडेवरून बोट फिरवायला दिलं. एकदम गुळगुळीत. साठच्या दशकात हिरोशिमात माझदाचे अभियंते केनिची यामामोतो यांच्या चमूला याच भिंतीने छळलं होतं. त्रिकोणी रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या थरथरायच्या आणि आतून ओरखडे पडायचे. सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे ते त्यांना. पट्टीचं साहित्य बदलून तो प्रश्न सुटला, तेव्हा कुठे कॉस्मो बाजारात आली.

दुपारी त्याच मालकाने शेजारी बसवून ओशन बुलेव्हार्डपर्यंत एक फेरी मारून आणली. मागे पाटे आणि हौदा रिकामा, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला ढुंगण उडतं. पायाशी गरम लागतं. तिसऱ्या गिअरमध्ये काटा वर चढत जातो, चढतच जातो, थरथर वाढत नाही, आणि ट्रकमध्ये बसलोय हे शरीराला पटत नाही. पेट्रोलचा वास मात्र नाकात बसतो. मूळ गाडीत धूर कमी करण्यासाठी थर्मल रिॲक्टर होता. न जळलेलं इंधन त्यात जळावं म्हणून मिश्रणच दाट ठेवलेलं असे. उष्णता आणि तहान, दोन्हीचं एक कारण तिथे आहे. बऱ्याच जणांनी तो काढून टाकलाय.

अमेरिकेत राहणाऱ्यांपैकी कुणाला विकत घ्यायचा मोह झालाच, तर यावरून एक कामाची गोष्ट. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. म्हणजे १९७४ची रेपू सुखात आणि १९७६ किंवा ७७ ची घेतलीत तर मूळ यंत्रणा शाबूत आहे का हे आधी बघावं लागेल. इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, साध्या गेजने मोजून कुणी आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका. रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्हींचं माप वेगवेगळं घ्यावं लागतं. साधं गेज फक्त सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा दाखवून मोकळं होतं. रोटरीचा गेज असलेला मेकॅनिक गाठा. गाडी गरम झाल्यावर बंद करा आणि लगेच परत चालू करून बघा, थकलेलं इंजिन तिथे उघडं पडतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा पांढरा धूर दिसला की पाण्याचे सील गेलेत असं समजून किंमत करा. ऑइल खाते म्हणून घाबरू नका, ते मुद्दामच थोडं थोडं आत सोडलेलं असतं. कधीच ऑइल घालावं लागत नाही असं मालक म्हणाला तर उलट काळजी करा.

इंजिनाचे भाग मिळतात, कारण १३बी पुढे माझदाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारमध्ये कितीतरी वर्षं चाललं. अडतं ते बाहेरच्या वस्तूंपाशी. जाळी, मागचे दिवे, काचेची रबरं, क्रोमच्या पट्ट्या. चालू इंजिनाची फुटकी-तुटकी गाडी घेण्यापेक्षा बंद इंजिनाची पण अंगाने पूर्ण असलेली घ्यावी, असं तिथल्या सगळ्याच मालकांचं मत पडलं आणि मलाही ते पटतं. हौद्याचे सांधे आणि केबिनचे मागचे खालचे कोपरे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा.

प्रदर्शन दुपारी तीनच्या सुमारास मोडतं. तेव्हा पुन्हा त्याच फुटपाथवर जा. सकाळी थंड इंजिनाने हळूच आलेल्या गाड्या जाताना जरा पाय दाबतात. नंतर भूक लागली असेल तर आर्टेशियाच्या पायोनिअर बुलेव्हार्डवर चला, दुकानं आणि खानावळी सगळ्या आपल्याकडच्या. ४०५ त्या वेळी तुंबलेलाच असतो, तेव्हा खाऊन, चहा पिऊन, अंधार पडल्यावरच परतीला लागा.