लाईट डीम शे का तुमनाकडे बी?

अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा शेवभाजीचं वाटण करायला घेतलं त्या दिवशीची गोष्ट. आई अमळनेरहून व्हिडिओ कॉलवर, मोबाईल ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवलेला, कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजून झालेलं. इथला ब्लेंडर आधी वापरून बघितला होता, पण तो स्मूदीचा माणूस, भांडंभर पाणी घातल्याशिवाय त्याचं पातं फिरत नाही, आणि पाणी घालून खान्देशी वाटण करायचं म्हणजे मग करूच नये. म्हणून जळगावहून 750 वॉटचा आपला मिक्सर कपड्यांत गुंडाळून बॅगेतून आणलेला. आपल्या तीन पिनांच्या प्लगला इथला अडॅप्टर लावला, भिंतीत खुपसला, बटण फिरवलं. सुरू झाला, पण कसा, तर चढावर भरलेली गाडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखा, घुर्र घुर्र करत, आणि वाटण पात्यात अडकलं तसा जागच्या जागी उभा.

तिकडून आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "लाईट डीम शे का तुमनाकडे बी?"

बायको पुण्याची, तिने वर बल्बकडे बघितलं. बल्ब चांगला लख्ख होता.

पण आईचं बरोबर होतं. नुसत्या आवाजावरून तिने सात समुद्रापलीकडचं व्होल्टेज ओळखलं, आणि मी इंजिनियर, मला ते कळलं नाही याची लाज अजून वाटते. आमच्या लहानपणी थ्री फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू व्हायच्या आणि घरात ट्यूबलाईट नुसती फडफडायची, फ्रिज कण्हायचा, स्टॅबिलायझरचा काटा 170 वर येऊन बसायचा. असा काटा पडला की नाना सायकल काढून मळ्यात पळायचे, कारण मोटार नुसती गुरगुरते आणि फिरत नाही म्हणजे वाइंडिंग जळायला पाच मिनिटं पुरतात. ज्या घरात हे सगळं बघितलं त्या घरातला मुलगा 230 व्होल्टचा मिक्सर 120 व्होल्टवर लावून बसला होता, का तर प्लग बसला म्हणून! अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही, हे पाठ्यपुस्तकात होतं हो, पण भूक लागलेली होती.

आता गंमत म्हणजे मी राहतो ते न्यू जर्सीतलं गाव एडिसन. 1954 साली गावाने हे नाव घेतलं, कारण बल्बवाल्या एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. त्याने 1882 मध्ये न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र काढलं ते 110 व्होल्ट डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं, त्याच्या बल्बांना तेवढं पुरायचं. पुढे डीसी गेलं, एसी म्हणजे सारखी दिशा बदलणारी वीज आली, पण घराघरात बल्ब आणि सामान त्या व्होल्टेजचं बसलेलं, मग आकडा तसाच राहिला आणि सरकत सरकत 120 वर आला. युरोपात मागाहून दुप्पट केलं, कारण व्होल्टेज दुप्पट तर तेवढ्याच कामाला करंट निम्मा आणि तांबं कमी लागतं. आपल्याकडे इंग्रजांच्या मागोमाग 230 आणि 50 हर्ट्झ (म्हणजे विजेची सेकंदाला 50 आवर्तनं), इथे 120 आणि 60. म्हणजे माझं वाटण अडलं ते शेजारच्याच गल्लीतल्या माणसामुळे म्हणायला हरकत नाही.

मग स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणला, म्हणजे इथलं व्होल्टेज वाढवून आपल्याएवढं करणारा. मिक्सर 750 चा म्हणून दुकानदाराने 1000 वॉटचा दिला, "भरपूर झाला" म्हणाला. रिकामा मिक्सर छान फिरला, भांडं भरून लावलं की फ्यूज गेला. मोटार उचल घेताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे मोटारीच्या वस्तूला निदान दुपटीचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा हे दोन फ्यूज जाळून शिकलो. मग 2000 वॉटचा घेतला. खलबत्त्यापेक्षा जड, ओट्यावर कायमचा मुक्काम, आणि बटण बंद केलं नाही तर रात्रभर हुं हुं करत थोडी थोडी वीज पितो. हर्ट्झ त्याने बदलत नाहीत, पण आपल्या मिक्सरला कार्बन ब्रशची मोटार असते (मागच्या फटीतून ठिणग्या दिसतात ना, तीच), तिला 50 काय आणि 60 काय. टेबलफॅन, कूलर असल्या वस्तूंची मोटार मात्र हर्ट्झवर फिरते, तिला व्होल्टेज बरोबर दिलं तरी चाल बदलते, सबब ते ओझं आणूच नका. आणि इथे कपडे वाळवायच्या मशीनचा सॉकेट 240 चा असतो, त्यात मिक्सर लावायची आयडिया एका मित्राने दिली होती, त्याला मी चहा पाजून घरी पाठवला. ते सॉकेट 30 अँपियरचं, मिक्सरची वायर त्यात वितळेल तरी ब्रेकर पडायचा नाही.

संध्याकाळी परत कॉल लावला, मिक्सर फिरवून दाखवला. आई म्हणे, "आते बराबर वाजी राह्यना."

तापणाऱ्या वस्तूंचं गणित तर अजून वाईट आहे, तिथे निम्मं व्होल्टेज म्हणजे निम्मी नाही, पाव पॉवर. आपला पाणी तापवायचा 1500 वॉटचा रॉड इथे लावला तर जेमतेम 400 वॉट देईल, आंघोळीचं पाणी दुपारपर्यंत होईल. आणि उलटं, इथली 1500 वॉटची किटली अमळनेरला लावली तर साडेपाच हजार वॉट मागेल, 24 अँपियर, आणि आपलं मोठं सॉकेटसुद्धा 16 अँपियरचं. किटली राहील का घर राहील बघा. म्हणून सुट्टीला येताना नातेवाईक काय काय मागतात, कॉफी मशीन, केस वाळवायचं मशीन, मी सरळ नाही म्हणतो, वाईट होतो तर होतो.

पण मागच्या मे महिन्यात अमळनेरला गेलो तेव्हा मीच शेण खाल्लं. फोन, लॅपटॉपचे चार्जर कुठेही चालतात, त्यांच्यावर बारीक अक्षरात 100-240 छापलेलं असतं, ते वाचून मगच आणले होते. पण चार चार्जरना चार अडॅप्टर कोण शोधणार, म्हणून इथली सहा सॉकेटची पट्टी सोबत घेतली, म्हटलं पट्टीत काय, नुसत्या तारा तर आहेत, तारेला कसलं आलंय व्होल्टेज. दुपारी दोनची वेळ, बाहेर ऊन असं की कुत्रंही गटारीत बसलेलं, मी पट्टी लावली आणि बटण दाबलं. फाट्ट! घरभर जळका वास, एमसीबी खाली, कूलर बंद, आणि ओसरीतून नानांचा आवाज, "काय व्हयनं रे?"

गल्लीतल्या वायरमनने पट्टी उघडली. आत नखाएवढी एक चकती जळून काळी पडलेली. वीज कडाडली किंवा व्होल्टेज उसळलं तर ते पोटात घेऊन आपल्या वस्तू वाचवायची, हे तिचं काम. आता 120 च्या हिशोबाने बनवलेल्या चकतीला 230 म्हणजे उसळीच, आणि ती थांबतच नाही, मग ती काय करणार, वाचवता वाचवता स्वतः गेली. चार्जर सगळे शाबूत. वायरमनने पैसे घेतले नाहीत, फक्त एकदा पट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

नानांनी ती पट्टी काही फेकू दिली नाही. परवा फोनवर म्हणाले, तिची वायर कापून कूलरच्या पंपाला लावली, तुमच्याकडची वायर चांगली जाड असते रे. असते खरी, नाना. 120 व्होल्टला करंट जास्त लागतो ना.