तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपची स्क्रीन घेण्याआधी कशी पारखायची?

‘दोन्ही लॅपटॉपवर फुल एचडी आयपीएस लिहिलंय, मग एकाची स्क्रीन टवटवीत आणि दुसऱ्याची फिकट, रंग उडाल्यासारखी का? आणि हे पैसे मोजण्याआधी कळणार कसं?’ लॅपटॉप घ्यायला निघालेले बहुतेक जण मला हेच विचारतात.

‘फुल एचडी’वरून फक्त ठिपके मोजता येतात, १९२० बाय १०८०. ‘आयपीएस’वरून एवढंच कळतं की बाजूने पाहिल्यावर रंग फारसे बिघडणार नाहीत. रंग किती दिसतील, उजेड किती पडेल, काळा किती काळा असेल, याबद्दल या दोन शब्दांत काहीच नाही. त्यामुळे माहितीपत्रकात मी आधी रंगांची टक्केवारी बघतो, मग निट्स, आणि ठिपके सगळ्यात शेवटी.

रंगांच्या टक्केवारीत बरेच जण फसतात. एका पत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असतं, दुसऱ्यात ‘६२.५ टक्के एसआरजीबी’. दुसरा आकडा मोठा म्हणून तो लॅपटॉप उचलला जातो. प्रत्यक्षात ही एकाच दर्जाची पॅनेलं (चित्र दाखवणारा स्क्रीनचा मूळ भाग) आहेत, फक्त मापं वेगळी. एनटीएससी हे १९५३ सालचं टीव्हीचं माप, एसआरजीबी हे संगणकाचं. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण १०० टक्के एसआरजीबी, आणि वेबवरचे बहुतेक फोटो याच एसआरजीबीत असतात. म्हणजे ४५ टक्केवाल्या स्क्रीनवर एक तृतीयांशाहून जास्त रंग मुळातच नाहीत. लाल रंग शेंदरीकडे झुकतो आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. कलर कॅलिब्रेशन (सॉफ्टवेअरने रंग जुळवणं) करूनही ते परत येत नाहीत, कारण जो रंग पॅनेल काढूच शकत नाही तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? फक्त टायपिंग आणि हिशेब करायचे असतील तर ही स्क्रीन चालून जाते. फोटो, व्हिडिओ, डिझाइन यांतलं काही करायचं असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. पत्रकात रंगांचा आकडाच नसेल तर ४५ टक्के धरून चाला. १०० टक्के असतं तर कंपनीने ते ठळक अक्षरांत छापलं असतं.

निट्स म्हणजे उजेड. २५० निट्सची स्क्रीन बंद खोलीत ठीक, पण खिडकी मागे असली की तिच्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. ३०० ही किमान पायरी समजा, ४०० असेल तर बहुतेक जागी निभावतं, आणि उघड्यावर बसून काम करायचं असेल तर ५०० च्या पुढे बघा. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या शिक्क्याला (उजळ-गडद यांतला फरक जास्त दाखवणाऱ्या स्क्रीनचं प्रमाणपत्र) मात्र भुलू नका. त्यासाठी स्क्रीनचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करता येण्याची अट नाही, त्यामुळे साध्या पॅनेलवरही तो बसतो.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: ‘एसव्हीए’. हा बहुधा जुन्या टीएन पॅनेलचा (बाजूने पाहिलं की रंग बिघडणाऱ्या स्वस्त प्रकाराचा) सभ्य अवतार असतो. ‘डब्ल्यूव्हीए’ला मात्र घाबरायचं कारण नाही, ते बहुधा आयपीएसच्याच घरातलं.

ठिपक्यांचं पटकन सांगतो. १५.६ इंचांवर १३६६ बाय ७६८ म्हणजे इंचाला जेमतेम १०० ठिपके, अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. त्याच आकारात फुल एचडी म्हणजे १४१, रोजच्या कामाला पुरेसे. १९२० बाय १२०० मिळत असेल तर ती घ्या. उंचीत ठिपक्यांच्या १२० ओळी जास्त मिळतात आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला त्या रोज कामी येतात.

आता दुकानात. तिथला लॅपटॉप चार्जरला लावलेला आणि ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर असतो. आधी चार्जर काढा. उजेड आपोआप उतरला तर तो वीज वाचवण्याच्या सेटिंगचा खेळ आहे. विंडोजच्या ब्राइटनेसच्या सेटिंगमध्ये स्क्रीनवरचा मजकूर पाहून उजेड आपोआप बदलण्याचा पर्याय असतो, तो बंद करून पुन्हा बघा. नाइट लाइटही (रात्रीसाठी स्क्रीन पिवळसर करणारी सोय) बंद हवा.

पहिली परीक्षा काळ्या रंगाची. पेनड्राइव्हवरून काळं चित्र लावू देत नसतील तर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एफ-११ दाबा, अख्खी स्क्रीन काळी होते. (हा अगदी शुद्ध काळा नसतो, लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ पैकी १२ वर असतात. एलसीडी तपासायला तेवढा पुरतो.) ब्राइटनेस पूर्ण ठेवा, हाताने वरच्या दिव्याचा उजेड अडवा आणि चारही कोपरे बघा. कोपऱ्यात पांढुरकी झाक दिसली की डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा. झाक तुमच्याबरोबर सरकली, कमी-जास्त झाली, तर तो आयपीएसचा जन्मजात स्वभाव आहे, सोडून द्या. जागच्या जागी राहिली तर मागचा दिवा कडेतून गळतोय. चौकट पॅनेलवर कुठेतरी दाबली गेली की असं होतं. हा दोष नगागणिक बदलतो, म्हणून शोकेसमधला नग चांगला निघाला तरी खोक्यातला तसाच असेल असं नाही. तोही उघडून बघा.

मग पांढरा. ब्राउझरमध्ये रिकामं पान उघडून एफ-११ दाबा. मेलेला पिक्सेल (बंद पडलेला ठिपका) इथे काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. एका कडेला पिवळट, दुसरीकडे निळसर असा फरकही इथेच उघडा पडतो. मॅट स्क्रीन असेल तर पांढऱ्यावर वाळूसारखी कणकण दिसते का बघा. स्वस्त मॅट थराची ती खूण, आणि तासन्‌तास वाचताना ती खुपते.

त्यानंतर ब्राउझरमध्ये काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणाऱ्या करड्या रंगाच्या पट्ट्याचं चित्र उघडा. तो सलग दिसायला हवा. पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर पॅनेल बहुधा ६ बिटचं आहे: प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी ६४ छटा, मधल्या छटा भराभर लुकलुकवून भासवलेल्या. शेवटी झाकण मागे-पुढे करा. खालून बघताना चित्र काळवंडून रंग उलटे-पालटे झाले तर ते टीएन.

‘१४४ हर्ट्‌झ’ (म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं) लिहिलेलं असेल तर लांब मजकूर वेगाने सरकवा. १४४ हर्ट्‌झला प्रत्येक चित्राच्या वाट्याला ७ मिलिसेकंदसुद्धा येत नाहीत. पॅनेलला रंग बदलायलाच २५ लागत असतील तर अक्षरांमागे शेपूट दिसणार. मग त्या १४४ चा फायदा फारसा उरत नाही.

ओलेडवर (इथे मागचा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) काळा खरोखर काळा असतो आणि रंग भरगच्च, त्यामुळे दुकानात ती सगळ्यांवर मात करते. पण दोन गोष्टी बघा. ती बहुधा चकचकीत असते, म्हणून बंद स्क्रीनमध्ये छताचे दिवे किती स्पष्ट दिसतात ते पाहा. दुसरं, उजेड कमी केला की बऱ्याच ओलेड लॅपटॉपची स्क्रीन सेकंदाला २४० वेळा वगैरे लुकलुकते. डोळ्यांना जाणवत नाही, पण काहींचं डोकं धरतं. ब्राइटनेस २५ टक्क्यांवर आणा, फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड घेऊन शटर १/१००० च्या पुढे न्या आणि स्क्रीनकडे रोखा. काळे पट्टे सरकताना दिसले की लुकलुक आहे. पट्टे जाड आणि गडद असतील तर ती जास्त त्रासदायक. स्वस्त एलसीडीतही हे सापडतं, म्हणून परीक्षा सगळ्यांचीच घ्या.

उरला सगळ्यात चिडका भाग: एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेलं बसवते. त्यामुळे परीक्षणात वाचलेले आकडे तुमच्या नगाला लागू असतीलच असं नाही. नोटबुकचेकसारख्या साइटवर मोजमापांसोबत पॅनेलचा क्रमांकही दिलेला असतो, तो टिपून ठेवा. लॅपटॉप हातात आल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर्स, मग प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि हार्डवेअर आयडी असं जा. तिथे तीन अक्षरं आणि पुढे अंक-अक्षरांचा चार खुणांचा कोड दिसतो. ती तीन अक्षरं पॅनेल बनवणाऱ्या कंपनीची. ‘बीओई’ आणि ‘एयूओ’ ही त्याच नावाच्या कंपन्यांची, ‘सीएमएन’ इनोलक्सची, ‘एलजीडी’ एलजीची, ‘एसडीसी’ सॅमसंगची, ‘एसएचपी’ शार्पची. परीक्षणातल्या पॅनेलशी हे जुळत नसेल तर सापडलेला कोड लॅपटॉपच्या मॉडेलसकट शोधा. रंग ४५ टक्के निघाले आणि पत्रकात १०० लिहिले असतील, तर परतीची मुदत संपायच्या आत तक्रार करा, पत्रकाचा स्क्रीनशॉट जोडून.